रडकं भोक

ऑरिन टॅकेटला आधी वास आला. गोडूस वास. पॅनकेकवरचा पाक तव्यावर सांडून करपावा, तसा. आता नेवाडातल्या त्या रस्त्यावर पॅनकेक करत कोण बसलंय? उजव्या हाताला खारी पांढरी जमीन, डाव्या हाताला करडी झुडपं, आणि मधनं रस्ता, दोरी धरून आखल्यासारखा. ऑरिननं मनाला सांगितलं, वासबीस काही नाही, तुला भूक लागलीये. मैलभर गेल्यावर वास परत आला. मग त्यानं डाव्या बुटाकडं बघितलं. बुटाच्या टोकावर हिरवे शिंतोडे.

"नको गं," तो म्हणाला. गाडीलाच म्हणाला, आपल्या मोटरसायकलला. "आज नको. उद्या मर हवं तर. उद्या मी तुला हातानं पुरीन. पण आज नको."

गाडी कुणाचं ऐकते? तापमानाचा काटा निवांत वर चढत होता. ऑरिननं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि गुडघे कडकड वाजवत तिच्या पोटाखाली वाकून बघितलं.

थेंब पडत होते. टप, टप, टप. पाण्याच्या पंपाखालनं.

हा पंप इंजिनातनं पाणी फिरवतो. पाणी म्हणजे ते हिरवं, इंजिन गार ठेवणारं कूलंट. त्याच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला तेल, आणि मधे दोन सीलं. पहिलं सील गेलं की पाणी दोन सीलांच्या मधल्या पोकळीत येतं, आणि तिथनं बाहेर पडायला पंपाच्या खाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं. गाडीवाले त्याला रडकं भोक म्हणतात. ते रडायला लागलं की समजायचं, सील मेलं, पंप खोला. ते भोक सांगायसाठीच ठेवलेलं आहे. ऑरिननं सारा जन्म आयडाहोत बटाटे काढायच्या डिझेल मशिनी दुरुस्त करण्यात घातला होता, आणि हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दम दिला होता, "रडक्या भोकाला कधी बोळा घालायचा नाही. त्याला रडू द्यायचं. त्याचं तोंड दाबलंस तर पाणी तेलात जाईल, आणि मग रडायची पाळी तुझी."

खोलायला सील पाहिजे. सील आयडाहोत. ऑरिन इथं. कॉपर जंक्शन अजून सत्तर मैल. आणि तिथं वेल्डाच्या बारमधे आज ड्यूई यायचा होता.

आता हा ड्यूई कोण ते सांगायला पाहिजे.

ड्यूई लिंडक्विस्ट, क्लीट बॅस्कम आणि हा ऑरिन, तिघं तरुणपणी कॉपर जंक्शनच्या तांब्याच्या खाणीत एका पाळीला होते. खाण बंद पडली तशी तिघांची तीन दिशांना पांगापांग झाली. क्लीट युटाला, ड्यूई कॅलिफोर्नियात बिशपला, ऑरिन आयडाहोला. जायच्या आदल्या दिवशी वेल्डाच्या बारमधे बसून ठरलं, की दर वर्षी सप्टेंबरातल्या लेबर डेच्या, म्हणजे कामगारांच्या सुट्टीच्या, आधीच्या शनिवारी इथंच भेटायचं. आणि नियम एकच. आपापल्या दोन चाकांवर यायचं. ट्रेलरवर गाडी लादून, कुणाच्या मोटारीत बसून, बसनं, असं जो येईल त्याला बिअर नाही. त्यानं दूध प्यायचं. सगळ्या बारसमोर, गळ्यात रुमाल बांधून.

ऐकायला पोरखेळ वाटतो. पण गाडीवाल्यांत ट्रेलरवरनं येणाऱ्याला काय किंमत असते, ते त्यांनाच विचारा. एका वर्षी क्लीटची चेन तुटली आणि तो कुणाच्या तरी पिकअपमधे गाडी टाकून आला. ह्या दोघांनी त्याला चार ग्लास दूध पाजलं. रुमाल बांधला. वेल्डाकडनं बाळाची बाटली मागितली, तिनं शिव्या दिल्या म्हणून राहिलं. क्लीट हसला, प्याला, पण लवकर उठून गेला. त्याच हिवाळ्यात तो गेला. हृदय. त्यानंतर दोघांनी ह्या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. पण नियमही कुणी मोडला नाही. उलट जास्तच कडक झाला. मेलेल्या माणसाला पाजलं, मग जिवंतानं सूट कशी घ्यायची?

ड्यूईची फुप्फुसं खाणीनं खाल्ली होती. दोन वर्षं नाकात ऑक्सिजनची नळी होती. फोनवर त्याचं बोलणं कमी आणि भाता जास्त ऐकू यायचा. गेल्या महिन्यात फोन आला.

"ऑरी," ड्यूई म्हणाला. मग भाता. "या वर्षी... ये."

"मी कधी चुकलोय का रे?"

"ब्रिटा मला मिनेसोटाला नेतीये." ब्रिटा म्हणजे त्याची पुतणी. "रविवारी. तिथनं... परत नाही. शनिवार... शेवटचा."

"तू गाडीवर येणारेस? नळी लावून?"

"मग काय... घोडागाडीतनं?" असं म्हणून ड्यूई हसायला गेला आणि खोकल्यातच फोन संपला.

तेव्हापासनं ऑरिनच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. ड्यूई गाडीवर, मागं दोरीनं सिलिंडर बांधलेला, बिशपकडनं घाट चढत येतोय. त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसायचं, बस्स. काही बोलायचं नव्हतं. दोघांना बोलायला कधी जमलंच नाही. एक संध्याकाळ नुसतं खांद्याला खांदा लावून बसायचं. फोनवर ते होत नाही.

इंजिन गार झाल्यावर ऑरिननं जवळचं प्यायचं पाणी रेडिएटरमधे ओतलं. दहा मैल गेला. परत थांबला. दुसरी बाटली ओतली. ती तर चार मैलांतच संपली. भोक आता टपटप नाही, सरळ धार सोडत होतं.

तेवढ्यात समोरनं दोन गाडीवाले आले. कडेला उभा असलेला गडी बघून वेग कमी केला, पुढच्यानं अंगठा वर करून मान हलवली. म्हणजे, ठीक आहे ना? त्यांच्यात अशी पद्धत आहे, की माणूस अडकला असेल तर त्यानं हेल्मेट काढून रस्त्याच्या कडेला जमिनीवर ठेवायचं. ते दिसलं की कुणीही गाडीवाला थांबणारच. ऑरिनचं हेल्मेट आरशावर लटकत होतं. आणि त्याचा अंगठा, काही विचार करायच्या आत, आपोआप वर गेला. ठीक आहे! ते दोघे हात हलवत निघून गेले.

"ठीक आहे म्हणे," ऑरिन स्वतःशीच म्हणाला. "गाढवा."

मग बराच वेळ कुणी नाही. ऊन डोक्यावर आलं. मग मागनं एक पिकअप आला, त्याच्या मागं घोड्याचा ट्रेलर, रिकामा, खडखडणारा. थांबला. खिडकीतनं आधी काळ्या कुत्र्याचं थोबाड बाहेर आलं, मग एका बाईचं.

"काय हो म्हातारबा, गाडीला मुतायला थांबवलंय?"

"घाम आलाय तिला."

"हिरवा घाम?" बाई खाली उतरली. पन्नाशीची, उन्हानं भाजलेली, डोक्यावर फाटकी टोपी. कुत्रं तिच्या आधी उडी मारून डबक्याकडं पळालं. "बेल्चा! मागं हो! मागं!" तिनं त्याच्या मानेला धरून अक्षरशः फेकलं गाडीत. "गोड लागतं त्यांना हे. माझी दोन कुत्री मेली ह्यानं. माझं नाव मायते. मेंढ्या आमच्या, मागच्या डोंगरांपलीकडं. कुठं निघालात?"

"कॉपर जंक्शन."

"मग अडलंय कुठं? माझ्या वाटेवरच आहे. पुढच्या रँचवरनं घोडी आणायला चाललेय, ट्रेलर रिकामा आहे. ढकला गाडी आत. तासाभरात नेऊन टाकते."

"घोड्याच्या ट्रेलरात?"

"झाडलाय मी. बराचसा."

ऑरिननं ट्रेलरकडं बघितलं. फळी होती, दोर होता, जागा होती. खरं म्हणजे त्याचा हात हँडलकडं गेला होता. पण मग परत ते चित्र आलं. ड्यूई, नळी, सिलिंडर, घाट. तो मरायला टेकलेला माणूस दोन चाकांवर येणार, आणि धडधाकट ऑरिन घोड्याच्या शेणातनं उतरणार. आणि क्लीट. क्लीटच्या गळ्यातला रुमाल.

"उपकार झाले बाई," तो म्हणाला. "पण नको."

"का? वासाला भिता?"

"आमचा एक नियम आहे."

"कुणाचा?"

ऑरिननं थोडक्यात सांगितलं. तिघं, बार, दूध. मायतेनं कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"तिघांतले उरले किती?"

"दोघं."

"त्यातल्या एकाच्या नाकात नळी."

"हो."

"आणि दुसऱ्याच्या डोक्यात शेण." ती म्हणाली. "माझा नवरा असाच होता. वादळात कुंपण दुरुस्त करायला एकटाच जायचा. म्हणायचा, माझं कुंपण, मीच बघणार."

"मग?"

"मग काय, आता मी बघते."

ऑरिनला हसू आलं, पण तिला नाही आलं. तिनं पिकअपमधनं पाण्याचा डबा काढून त्याच्या पायाशी ठेवला. "हे घ्या. संध्याकाळी ह्याच रस्त्यानं परतणार आहे. पण तेव्हा ट्रेलरात घोडी असेल, सांगून ठेवते. विचार करा अजून. मी बूट झटकेपर्यंत वेळ आहे."

तिनं खरंच एकेक बूट काढून झटकला, सावकाश. ऑरिननं पाण्याचा डबा उचलून गाडीजवळ नेला. मग ती गेली.

ती गेल्यावर जी शांतता झाली, तिच्यात ऑरिनला कळलं की आता दोनच वाटा आहेत. एक म्हणजे बसून राहायचं. दुसरी त्याच्या हत्यारांच्या पिशवीत होती. पत्र्यात पिळायचा एक छोटा स्क्रू, आणि मळून लावायचा एपॉक्सी, जो घट्ट होऊन दगड होतो.

त्याला सगळं माहीत होतं, हे इथं सांगितलं पाहिजे. अडाण्यानं केलं असतं तर गोष्ट वेगळी. ऑरिन रस्त्यावर पाठ टेकून झोपला, फडक्यानं भोक पुसलं, एपॉक्सी बोटांत मळला, स्क्रूला गुंडाळला. स्क्रू भोकावर टेकवला आणि थांबला.

"पंचावन्न मैल," तो गाडीला म्हणाला. "आतलं दुसरं सील तेवढं धरून ठेव. पंचावन्न मैल फक्त. मग तुला आतबाहेर नवीन करतो. देवाशप्पथ."

आणि पिळला स्क्रू. भोक रडायचं थांबलं.

एपॉक्सी दगड होईपर्यंत तो उन्हात बसला. मग मायतेचं पाणी भरलं, बटण दाबलं, खाली वाकून बघितलं. कोरडं. ठणठणीत कोरडं. काटा मधोमध. ऑरिन असा खुश झाला की त्यानं टाकीवर थाप मारली.

आणि काय पळाली ती गाडी! पहिले दहा मैल त्यानं काट्यावरनं नजर काढली नाही. पुढचे दहा मैल गाणं म्हणत गेला, खाणीतलं एक घाणेरडं गाणं, ज्याची शेवटची ओळ फक्त क्लीटला यायची. चढ आला, गाडी चढली. उतार आला. लांब निळसर डोंगर दिसायला लागला, त्याच्या पायथ्याशी कॉपर जंक्शन. खाणीचा ढिगारासुद्धा दिसला, पिवळा टिपका. ऑरिन मनातल्या मनात बारचं दार ढकलून आत शिरला होता. ड्यूई म्हणेल, उशीर केलास. मी म्हणेन, वाटेत एका बाईनं अडवलं. ड्यूई म्हणेल, खोटं बोल पण...

इंजिनाचा आवाज बदलला.

आधी नुसती टकटक. डब्यात कुणी खिळा हलवावा तशी. मग ठोके. ऑरिननं ॲक्सिलरेटर सोडला, पण ठोके चालूच, आणि मग आतनं असा एक आवाज आला, की जन्मभर इंजिनं खोलणाऱ्या माणसानं तो एकदा ऐकला की परत विचारत नाही. मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी सरकली. त्यानं क्लच दाबला म्हणून वाचला. गाडी रेतीत जाऊन थांबली.

तेल बघायची एक गोल काच असते इंजिनाच्या बुडाशी. ऑरिननं पुसली. आत काळंसोनेरी तेल दिसायला पाहिजे. दिसली दुधाची कॉफी. फेसाळलेली, फिक्की, घट्ट.

पाण्याला बाहेर जायला वाट ठेवली नव्हती. मग ते आत गेलं. ज्याच्यासाठी तो पोरांवर ओरडायचा, तेच. एक थेंबही रस्त्यावर सांडला नव्हता. रडकं भोक कोरडं होतं, चकचकीत, दगडासारखा बोळा घट्ट बसलेला. काम झकास केलं होतं त्यानं.

ऑरिन गाडीशेजारी खाली बसला. बऱ्याच वेळानं उठला, आरशावरचं हेल्मेट काढलं आणि रस्त्याच्या कडेला जमिनीवर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्या दुपारी एकही गाडीवाला त्या रस्त्यानं गेला नाही. दोन मोठे ट्रक गेले, त्यांना ह्या खुणेतलं काय कळणार? एकाच्या वाऱ्यानं हेल्मेट गडगडत झुडपात गेलं. ऑरिननं ते आणून परत जागेवर ठेवलं. फोनला रेंज नव्हती, ती तिथं कधीच नसते. एकदा तो चालायला लागला, डोंगराकडं. थोडं गेल्यावर गुडघा बोलला, आणि डोंगर होता तिथंच राहिला. परत आला.

सावल्या लांब झाल्या तेव्हा डोंगराकडनं मायतेचा पिकअप आला. लांबनंच ट्रेलरमधल्या लाथा ऐकू येत होत्या. तिनं गाडी थांबवली, जमिनीवरचं हेल्मेट बघितलं, गाडी बघितली, ऑरिनकडं बघितलं. टोमणा तयार असणार तिच्या तोंडात. पण तिनं तो गिळला.

"बसा," ती म्हणाली.

"तुम्ही उलट्या दिशेला चाललाय."

"रस्ता दोन्हीकडं जातो. बसा म्हणते ना. गाडी इथंच राहील, आता जागा नाही."

"राहू दे. कोण नेणारे तिला."

हेल्मेट उचलून तो आत बसला. बेल्चानं जागा दिली नाही, तर कुत्र्याला मांडीवर घेऊन बसला. मायतेनं ट्रेलरसकट एवढी लांबलचक गाडी त्या अरुंद रस्त्यावर वळवली, घोडी आत बोंबलत होती, आणि निघाली.

दोन-तीन मैल गेले. मग मायते म्हणाली, "तुमचा दोस्त भेटला."

ऑरिननं झटकन मान वळवली.

"दुपारी पेट्रोल भरायला थांबले तिथं. बारच्या ओसरीवर बसला होता. नळी, शेजारी सिलिंडर. मला विचारलं, रस्त्यात कुणी म्हातारा दिसला का गाडीवर, मोठ्या नाकाचा."

"मग?"

"मी म्हणलं, दिसला. गाडी गळतीये त्याची. मी ट्रेलर देत होते तर नको म्हणाला." तिनं गिअर बदलला. "इतका हसला तो! मला वाटलं आता जातो. मग म्हणाला, नको म्हणाला ना? मग येतो तो. मी थांबतो."

ऑरिन कुत्र्याच्या कानामागं खाजवत राहिला.

"गाडी कुठली होती त्याची?" त्यानं विचारलं. "लाल?"

मायतेनं टोपी मागं सरकवली. "गाडी नव्हती हो. मोटार होती, एका मुलीची. तिनंच आणलं त्याला. आणि हातात दुधाचा ग्लास होता. मी विचारलं, पोटबिट बिघडलंय का. तर म्हणाला, शिक्षा भोगतोय."

मागं ट्रेलरमधे घोडी लाथा मारत होती. ऑरिन खिडकीबाहेर बघत होता. कुत्र्यानं मान वर करून त्याची हनुवटी एकदा चाटली.

"तुम्ही परत येताना होता तो?" शेवटी त्यानं विचारलं.

"येताना बघितलं नाही. घोडीनं जीव खाल्ला होता." मग ती म्हणाली, "पळवते मी. धरून बसा."

दिवेलागणीला ते कॉपर जंक्शनला पोचले. बारच्या ओसरीवर एक खुर्ची होती. रिकामी. बाहेर मोटार नव्हती. ऑरिन उतरला आणि दाराशी जरा उभा राहिला. मनात बारचं दार ढकललं होतं तेव्हा इतकं जड नव्हतं.

आत वेल्डा ग्लास पुसत होती. ऐंशीची झाली तरी काउंटर सोडत नव्हती. ऑरिनला बघून तिनं फडकं खाली ठेवलं. हातातल्या हेल्मेटकडं बघितलं, मग दाराबाहेरच्या घोड्याच्या ट्रेलरकडं.

"कधी गेला?" ऑरिननं विचारलं.

"ऊन कललं तेव्हा. एक सिलिंडर संपला, दुसरा लावला. ती पोरगी रडकुंडीला आली, काका चला, काका चला. तो म्हणायचा, ऑरिन येतोय. थोडा थांब. दुसराही संपत आला, ओठ निळे पडले, तेव्हा आम्ही दोघींनी उचलून मोटारीत घातला. तेव्हाही शिव्या देत होता. श्वास नव्हता तरी शिव्या देत होता."

"कुठं नेला?"

"टोनोपा गावाच्या बाजूला. जिथं कुठं दवाखाना उघडा मिळेल तिथं. नंबर देऊन गेलीये पोरगी."

वेल्डानं काउंटरवरचा जुना फोन त्याच्याकडं सरकवला. मायते दारात येऊन उभी राहिली होती, आत आली नाही. फोन बराच वेळ वाजला. मग ब्रिटानं उचलला.

"ऑरिनकाका?" तिचा आवाज घोगरा झाला होता. "कुठं आहात तुम्ही?"

"जंक्शनला. आत्ता आलो. कसाय तो?"

"आत घेतलंय. घशात नळी घातलीये, झोपवून ठेवलंय. हेलिकॉप्टरनं रीनोला न्यायचं म्हणतायत. आता बोलता येणार नाही काका. डॉक्टर म्हणतात, कदाचित... म्हणजे, जागे होतीलच असं नाही."

"बरं," ऑरिन म्हणाला. "बरं."

"तुम्ही येणार का? रीनोला?"

ऑरिननं दाराबाहेर बघितलं. ट्रेलर, घोडी, अंधारात जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्यावर कुठंतरी रेतीत उभी असलेली गाडी. रीनो तिथनं सबंध राज्य ओलांडून.

"माझ्याजवळ चाकं नाहीत पोरी," तो म्हणाला.

मग तिनं विचारलं, "जागे झाले तर काय सांगू?"

"सांग, मी आलो होतो."

"ते विचारतील कशावरनं आलात. दिवसभर तेच चालू होतं त्यांचं. ऑरिन ट्रेलरवर बसणार नाही, ऑरिन चाकांवर येणार, म्हणून तर थांबले ते."

वेल्डा बघत होती. तिच्या मागं फळीवर बाटल्या रांगेत होत्या. काउंटरच्या टोकाला एक ग्लास अजून धुवायचा राहिला होता, तळाला पांढरं वाळलेलं, शेजारी घडी घातलेला रुमाल. दोन स्टुलं ओढून जवळजवळ लावून ठेवलेली. ऑरिन त्यातल्या एकावर बसला. त्यानं फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हातानं तो रुमाल उचलला.

"वेल्डा," तो म्हणाला, "एक दूध दे." मग फोनमधे म्हणाला, "ब्रिटा, त्याला सांग, दूध पितोय."

"ऐकू आलं तर सांगेन काका."

"आत्ताच सांग. कानाशी जाऊन सांग. झोपला असला तरी सांग."

"आत सोडत नाहीत मला," ब्रिटा म्हणाली, आणि फोन ठेवला गेला.

वेल्डानं ग्लास पुढ्यात ठेवला. ऑरिननं गळ्यात रुमाल बांधला. मागं गाठ मारायला हात पोचेना, तेव्हा मायते दारातनं आत आली आणि तिनं गाठ मारून दिली. कुणी हसलं नाही. ऑरिन सावकाश, सगळं दूध प्याला आणि ग्लास शेजारच्या रिकाम्या स्टुलासमोर सरकवून ठेवला.